तवीचं खोरं : वेल्समधला एक हिरवा मुलूख आणि तो घडवणारे वाडे

नदीकाठची

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहायचं मनात होतं, आज मुहूर्त लागला.

गेली सहा वर्षं आम्ही वेल्सच्या नैर्ऋत्येला राहतोय. सुट्टीच्या दिवशी कारमार्थनहून पूर्वेला, लॅन्डाइलोच्या दिशेने फिरायला जायचा आमचा शिरस्ता आहे. रस्त्याला लागून तवी नदी. संपूर्ण वेल्समध्येच वाहणारी ही सगळ्यात लांब नदी, साधारण १२० किलोमीटरची. खोऱ्याचा तळ सपाट, मळईचा, आणि नदी त्यात सैल दोरीसारखी पसरलेली. दोन्ही बाजूंना टेकड्या, टेकड्यांवर पडके किल्ले, उतारांवर एकेकटे डेरेदार ओक. पहिली दोन वर्षं मी हे सगळं 'निसर्ग' म्हणूनच बघत होते.

मग एकदा दिनेवुरच्या पार्कात आमची मुलगी हिरवळीवरून धावत सुटली आणि एकदम थबकली. पुढे जमीनच नव्हती. जवळ जाऊन पाहिलं तर माझ्या खांद्याएवढी खोल, नीट रचलेली दगडी भिंत सरळ खाली उतरली होती. पलीकडून जमीन उताराने पुन्हा वर येत होती आणि तिथे गुरं चरत होती. मागे वळून वाड्याकडे गेलो आणि तिथून पाहिलं, तर भिंत गायब! हिरवळ सलग, गुरं जणू दारापर्यंत आलेली. गुरांना अडवायचं, पण अडवलंय हे खिडकीत बसलेल्याला कळू द्यायचं नाही, म्हणून जमिनीत पुरलेलं कुंपण. इथे त्याला 'हा-हा' म्हणतात.

त्या दिवसापासून माझं बघणंच बदललं. हे झाड इथेच का? त्या टेकडीवरचा किल्ला बरोबर या दोन झाडांच्या मधूनच का दिसतो? शोधत गेले तेव्हा कळलं की खोऱ्याचा हा पट्टा बराचसा चार-पाच घराण्यांनी आखलेला आहे.

दिनेवुर सगळ्यात जुनं. दक्षिण वेल्समधल्या देहायबार्थ राज्याची ही गादी. ११९७ मध्ये वारलेला रीस आप ग्रिफिथ इथला सर्वांत नावाजलेला राजा. पण राज्य टिकायला एक मोठी अडचण होती, ती म्हणजे वाटण्या. वेल्श कायद्यात बापाची जमीन सगळ्या मुलांत वाटली जायची. राज्यांचेही तुकडे पडायचे, भाऊ भावावर चालून जायचे. सोळाव्या शतकात आठव्या हेन्रीने वेल्सला इंग्लंडचे कायदे लावले आणि ही वाटणीची रीत मोडली. थोरल्याला सगळं. तिथून पुढे लग्नांतून, गहाणांतून, खरेदीतून जमीन एकेका घराकडे साचत गेली आणि मोठ्या इस्टेटी उभ्या राहिल्या. माझ्या मते या मुलखाचं आजचं रूप समजून घ्यायचं तर किल्ल्यांच्या लढायांपेक्षा हा वारसाचा कायदा आधी वाचावा.

दिनेवुरच्या घराण्याला याच हेन्रीचा तडाखाही बसला. १५३१ मध्ये त्यांच्या रीस आप ग्रिफिथ नावाच्याच तरुण वारसाचं राजद्रोहाच्या आरोपावरून मुंडकं उडवलं आणि जमिनी जप्त केल्या. पुढच्या पिढ्यांनी त्यातल्या थोड्याच परत मिळवल्या. आडनावाचं इंग्रजी वळण 'राइस' झालं. सतराव्या शतकात त्यांनी न्यूटन हाउस बांधलं. न्यूटन हे तेराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी इथे वसवलेल्या गावाचं नाव. गाव गेलं, नाव वाड्याला राहिलं. आणि तो जुना राजकिल्ला? त्याच्या गोल बुरुजावर हवा खायला एक खोली बांधली. ज्या बुरुजावरून राज्य राखलं, तिथून आता पाहुण्यांना नदी दाखवायची. अठराव्या शतकात जॉर्ज राइस आणि त्याची बायको सेसिल यांनी किल्ला, हरणांचं रान आणि वाडा एकाच मोठ्या बागेत जोडले. १७७५ साली इंग्लंडचा नामांकित उद्यानरचनाकार केपेबिलिटी ब्राउन इथे येऊन सूचना देऊन गेला.

नदीच्या पलीकडे, दक्षिणेला गोल्डन ग्रोव्ह. आधी वॉन घराण्याचं. १८०४ मध्ये शेवटचा वॉन निपुत्रिक वारला आणि त्याने अख्खी इस्टेट लॉर्ड कॉडर या मित्राच्या नावे करून ठेवली. कॉडर मंडळींनी १८२६ ते १८३४ या काळात नवा वाडा बांधला तो जुन्या जागी नाही, वर चढावर. का, ते तिथे उभं राहिलं की कळतं. १८७३ साली सरकारने जमीनमालकांची यादी केली तेव्हा एकट्या कारमार्थनशरमध्ये कॉडरच्या नावावर ३३,००० एकरांहून जास्त जमीन होती.

आणि तिसरं घर मिडल्टन हॉल. आज तिथे वेल्सचं राष्ट्रीय वनस्पती उद्यान आहे. हे बांधलं विल्यम पॅक्स्टनने, आणि त्याचा पैसा आला कलकत्त्याहून. तो कंपनी सरकारच्या कलकत्ता टांकसाळीचा प्रमुख होता. पुढे कंपनीच्या नोकरांनी हिंदुस्थानात जमवलेली माया सुखरूप लंडनला पोचवणारी पेढी त्याने चालवली. त्या पैशातून वाडा झाला, आणि एका छोट्या ओढ्याला बांधावर बांध घालून तळ्यांची माळ, धबधबे, स्नानगृहं असा पाण्याचा खेळ मांडला गेला. मी पहिल्यांदा तिथला फलक वाचला तेव्हा बराच वेळ तळ्याकाठी बसून राहिले. इतक्या लांब येऊन आपल्याकडच्या पैशाचं पाणी बघत होते.

वेल्समध्ये ऐतिहासिक भूभागांची एक नोंदवही आहे. १९९८ आणि २००१ मध्ये दोन खंडांत निघाली, त्यात ५८ मुलूख आहेत. तवीचं खोरं त्यातलं एक. एखादी इमारत किंवा किल्ला सुटा न बघता शेतं, बांध, रस्ते, झाडं, गावं सगळं मिळून एक दस्तऐवज मानायचा, ही त्यामागची दृष्टी मला फार पटते. मात्र हा दस्तऐवज बहुतेक वाड्याच्या खिडकीतून वाचला जातो. खालून, शेतातून वाचायचा तर काय दिसतं, यावर बोलायला हा धागा काढलाय.

---

इंद्रायणी

सुंदर लिहिलंय. वाचनखूण साठवली. हा-हाचा प्रसंग डोळ्यांसमोर उभा राहिला. दिनेवुरची पांढरी गुरं बघितलीत का? त्यांच्याबद्दलही लिहा.

---

सातबारा

माझा प्रश्न सरळ आहे. जमीन वाड्याची, मग कसत कोण होतं? कुळं होती ना? खंड किती, मुदत किती, काढून टाकलं तर दाद कुठे? आपल्याकडे 'कसेल त्याची जमीन' असा कायदा झाला, तसं तिथे काही झालं का? दृश्य वगैरे ठीक आहे, पण माझ्यासाठी मुलुखाचा इतिहास म्हणजे जमीन कोणाच्या नावावर होती याचा इतिहास.

---

नदीकाठची

@इंद्रायणी, हो, आहेत! अंग पांढरं शुभ्र. कान, नाक, डोळ्यांभोवतीच्या कडा काळ्या. जुन्या वेल्श कायद्यात दिनेवुरच्या राजाच्या अपमानाची भरपाई पांढऱ्या गुरांत मोजलेली आहे, तिथे ती लाल कानांची म्हटलीत. आजचा कळप खाली मळईत चरतो.

@सातबारा, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. हो, कुळंच. आधी पुष्कळ ठिकाणी 'तीन जीवांचा' पट्टा असायचा. म्हणजे करारात तीन माणसांची नावं लिहायची, समजा कूळ स्वतः, बायको आणि धाकटा मुलगा, आणि तिघांतलं शेवटचं माणूस जिवंत असेपर्यंत जमीन त्या घराकडे. म्हणून तान्ह्या पोराचं नाव घालत, ते सगळ्यात जास्त जगेल या आशेने. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून मालकांनी हे पट्टे संपतील तसे बंद करत आणले आणि वर्षाच्या बोलीवर जमीन द्यायला लागले. मग बांध घाल, चर खण, चुना टाकून जमीन गोडी कर, आणि पुढच्या वर्षी कारभारी येऊन म्हणणार, जमीन सुधारली, खंड वाढला. घातलेल्या कष्टांची भरपाई मागायला बराच काळ कायदाच नव्हता.

चुन्याचं थोडं सविस्तर सांगते, कारण या मुलखाचा सगळा राग त्यात साठलेला आहे. इथली माती आंबट, पाऊस फार. चुना टाकल्याशिवाय पीक धरत नाही. चुनाभट्ट्या वर काळ्या डोंगरात, मनीद दी त्याचं नाव. शेतकरी मध्यरात्री गाड्या जुंपून डोंगराकडे निघायचे, गाड्यांची रांगच्या रांग. वाटेत टोलनाके. नाके चालवणारी मंडळं सावकार आणि जमीनदारांच्या हातात. काही ठिकाणी तर चुन्याच्या किमतीपेक्षा टोल जड व्हायला लागला. १८३९ मध्ये एव्हाइलवेन इथला नाका पहिल्यांदा फोडला गेला, आणि १८४२-४३ मध्ये सगळा कारमार्थनशर पेटला. पुरुष बायकांचे कपडे घालून, तोंडाला काळं फासून, रात्री घोड्यावरून यायचे. म्होरक्याला म्हणायचे 'रिबेका'. बायबलात रिबेकाला आशीर्वाद आहे की तुझी संतती वैऱ्यांच्या वेशी जिंकून घेईल, त्यावरून. नाक्यापुढे आधी छोटंसं सोंग व्हायचं. रिबेका म्हणायची, मुलांनो, माझ्या वाटेत काहीतरी आडवं आलंय. मुलं म्हणायची, आई, आम्ही ते दूर करतो. आणि कुऱ्हाडी चालायच्या. जून १८४३ मध्ये कारमार्थनमधल्या अनाथ-गरिबांच्या कोंडवाड्यावरही लोक चालून गेले. घोडदळ बोलवावं लागलं. सरकारने चौकशी नेमली आणि १८४४ च्या कायद्याने टोलमंडळं मोडून जिल्ह्यातल्या रस्त्यांचा कारभार एकत्र केला, चुन्यावरचा टोल निम्म्यावर आणला.

कूळकायदा मात्र आपल्यासारखा झाला नाही. १८६८ च्या निवडणुकीत मालकाच्या मनाविरुद्ध मत दिलं म्हणून काही कुळांना इथे आणि शेजारच्या कार्डिगनशरमध्ये जमिनीवरून काढलं. मत तेव्हा उघड, सगळ्यांदेखत द्यायचं असे. गुप्त मतदानाचा १८७२ चा कायदा होण्यामागे ही काढलेली माणसंही आहेत. जमीन कुळांकडे गेली ती पहिल्या महायुद्धाच्या आसपास, मालकांनी इस्टेटी विकायला काढल्या तेव्हा. वारसाकर, पडलेला खंड, ओसरलेला रुबाब. कुळांनी कर्ज काढून आपलीच शेतं लिलावात घेतली, आणि थोड्याच वर्षांत शेतमालाचे भाव कोसळले. कर्ज फेडता फेडता एक पिढी वाकली.

---

सातबारा

तीन जीवांच्या पट्ट्याचं पहिल्यांदाच ऐकतोय. करारात तान्ह्या पोराचं नाव... हे डोक्यातून जाणार नाही. धन्यवाद.

---

शब्दवेडी

मी कार्डिफला असते, दोन वर्षं वेल्श शिकतेय, त्यामुळे थोडी भर.

या मुलखात दोन भाषांची दोन दुनिया होती. वाडा इंग्रजी बोलायचा, शेत वेल्श. वाडा इंग्लंडच्या चर्चला जायचा, शेत आपल्या साध्या चॅपलला. नेहमी असं नव्हतं. पूर्वी हेच सरदार वेल्श कवींचे पोशिंदे होते, कवी एका वाड्यातून दुसऱ्या वाड्यात फिरत, वंशावळी म्हणून दाखवत. पोरं इंग्लंडात शिकायला लागली तशी त्यांची कविता ऐकणारे कान गेले. मला हे जमिनीच्या वाटण्यांपेक्षाही मोठं तुटणं वाटतं.

पण नावं मात्र शेताने धरून ठेवली. १८३६ च्या कायद्यानंतर चर्चला द्यायचा धान्याचा दहावा हिस्सा रोख रकमेत बदलला, तेव्हा गावोगावचे नकाशे काढले आणि प्रत्येक शेताचं नाव लिहून घेतलं. 'काय' म्हणजे शेत. काय ओडिन म्हणजे भट्टीचं शेत. काय फुनॉन, झऱ्याचं शेत. काय दान टी, घराखालचं शेत. काय पेला, सगळ्यात लांबचं. ही नावं मोठ्याने वाचली की त्या घरातल्या बाईने सकाळी कोणाला कुठे पाठवलं असेल ते ऐकू येतं.

'हावोद' म्हणजे उन्हाळ्यात गुरं वर न्यायची ती डोंगरावरची वस्ती, 'हेन्द्रे' म्हणजे हिवाळ्याचं खालचं घर. आणि 'टी ऊननोस', एका रात्रीचं घर. समजूत अशी होती की सामाईक माळावर सूर्यास्त ते सूर्योदय एवढ्यात घर उभं करून पहाटे धुराड्यातून धूर काढून दाखवला की घर तुमचं, आणि दारातून चारी दिशांना कुऱ्हाड फेकावी, पडेल तिथपर्यंत जमीन तुमची. कायद्याच्या कागदावर याला आधार नव्हता, पण लोक ते मानत. माळावरची वेडीवाकडी चिमुकली शेतं दिसली तर ती अशा रात्रींची असू शकतात.

---

पिंपळपान

थोडा वेगळा सूर लावतो. मी वृक्षतज्ज्ञ नाही पण झाडांचा छंद आहे. दिनेवुरमध्ये चारशे वर्षांहून जुने ओक शेकड्यांनी आहेत. पोकळ खोडांत वटवाघळं, सालीवर दुर्मीळ दगडफूल, कुजक्या लाकडात ठरावीक भुंगे. हे का वाचलं? तिथे एका घराण्याने पिढ्यान् पिढ्या नांगर फिरवू दिला नाही म्हणून. जमीन शंभर कुळांत वाटली असती तर त्यांनी ती झाडं सरपणाला तोडली असती, आणि त्यात त्यांचा दोषही नसता. अन्याय होता हे मान्य. पण या झाडांचं श्रेय नाकारू नये असं वाटतं.

---

नदीकाठची

@पिंपळपान, श्रेय नाकारत नाही. त्या ओकांखाली उभं राहिलं की मीही गप्प होते. एका झाडाच्या ढोलीत आमची तिघांची सावली मावते. २००७ मध्ये ते पार्क राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र झालं ते या झाडांमुळेच.

पण झाडं तर शेतकऱ्यांनीही वाचवली. खोऱ्यातल्या बांधांवर बघा. मातीचा उंच बांध, वर हॉथॉर्न, हेझल, होली. हिवाळ्यात खोड बुंध्याशी तिरकं कापतात, पूर्ण तोडत नाहीत, सालीचा पट्टा ठेवतात आणि फांदी आडवी वाकवून खुंटांत विणतात. वसंतात आडव्या खोडाला उभे कोंब फुटतात, वई दाट होते. मागच्या फेब्रुवारीत एक म्हातारे शेतकरी हे करताना मी तासभर बघत उभी होते. एका झाडाला तीन घाव, चौथा नाही. दर काही वर्षांनी हे पुन्हा करावं लागतं, आणि शतकानुशतकं कुणीतरी करत आलंय. त्याची चित्रं कोणी काढली नाहीत. वाड्यातल्या भिंतींवर वाड्याचीच चित्रं आहेत.

---

हिशेबनीस

पॅक्स्टनवर मी मागे बरंच वाचलं होतं. १८०२ च्या निवडणुकीत तो कारमार्थनशरमधून उभा राहिला आणि पडला. खर्चाचा हिशेब मात्र राहिलाय: १५,६९० पौंड, ४ शिलिंग, २ पेन्स. त्यात ११,०७० न्याहाऱ्या, ३६,९०१ जेवणं, २५,२७५ गॅलन एल (एक प्रकारची बिअर) आणि फितींसाठी ७८६ पौंड आहेत. त्या काळच्या मजुराच्या कमाईपुढे हा आकडा ठेवला की जीव दडपतो. हिंदुस्थानात राहिलेल्या गोऱ्या माणसांची बचत विलायतेला पाठवण्याचं कमिशन, ते इथे येऊन एल आणि फितींत वाहून गेलं.

लॅनार्थनी गावाच्या वर टेकडीवर त्याचा मनोरा आहे. तीन कोनी, इंग्रज आरमाराचा सेनानी नेल्सन याच्या स्मरणार्थ बांधलेला. लोक सांगतात की निवडून आलो तर नदीवर पूल बांधीन असं त्याने म्हटलं होतं, पडल्यावर पुलाच्या पैशात मनोरा बांधला. खरं-खोटं असो, पूल हवा होता ही लोकांची आठवण त्या गोष्टीत टिकलीय. त्याच्या बाजूनेही एक सांगायला हवं. कारमार्थन शहरात नळाने पाणी आणण्यात त्याचा मोठा वाटा होता.

तो १८२४ मध्ये वारला. इस्टेट घेतली एडवर्ड हॅम्लिन अ‍ॅडम्सने, तो जमैकात जन्मलेला, पैसाही तिथलाच. आधी बंगाल, मग गुलामीच्या काळातलं जमैका. एकाच हिरवळीवर.

---

इंद्रायणी

@हिशेबनीस, शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. पोविस किल्ल्यात टिपूचा तंबू पाहिला होता तेव्हा असंच झालं होतं. पण तिथे वस्तू काचेआड दिसते, हात लावू नका अशी पाटी असते. इथे तर जमिनीतच मुरलंय.

---

डोंगरवाट

अवांतर: उत्तरेला कार्डिगनशरमध्ये 'हावोद' नावाचीच इस्टेट आहे, शब्दवेडींनी सांगितलेला शब्द. टॉमस जोन्स नावाच्या मालकाने १७८० च्या दशकापासून उघड्या डोंगरावर लाखोंनी झाडं लावली, दरीतून पायवाटा काढल्या, धबधब्यामागे बोगदा खणून आत शिरायची वाट केली, इस्टेटीत छापखाना घातला. १८०७ मध्ये वाडा आणि ग्रंथालय जळालं. १८११ मध्ये एकुलती एक मुलगी गेली. तरी त्याने वाडा पुन्हा उभा केला. शेवटी १९५८ मध्ये तो वाडा पाडून टाकला. आज झाडीत दगडांचा ढीग आहे आणि पायवाटा आहेत. गेल्या नोव्हेंबरात मी एकटाच गेलो होतो. धबधब्याच्या बोगद्यात अंधारात चार पावलं टाकली की समोर पाण्याचा पांढरा पडदा येतो. जो माणूस हे करू धजला त्याच्याबद्दल मला माया वाटते, सगळं माहीत असूनही.

---

सातबारा

मिडल्टन हॉलचं पुढे काय झालं ते राहिलं. वाडा आहे का अजून?

---

नदीकाठची

नाही. १९३१ मध्ये जळाला, पुढे अवशेषही पाडले. आणि हे तुम्हाला आवडेल: जिल्हा कौन्सिलने ती जमीन घेऊन सात लहान शेतं केली आणि शेती सुरू करू पाहणाऱ्यांना दिली. जवळजवळ अर्धं शतक पॅक्स्टनच्या बागेत दुभती गुरं होती. २००० साली उद्यान झालं. नॉर्मन फॉस्टरचं काचघर आहे, एकाच कमानीत पेललेलं असं जगात सगळ्यात मोठं. तळी गाळाने भरली होती, बांध फुटले होते, ती २०२० च्या सुमारास पुन्हा पाण्याने भरली.

सध्या खोऱ्यात वाद चाललाय तो विजेच्या मनोऱ्यांचा. पवनचक्क्यांची वीज तवीच्या काठाने नेण्याची योजना आहे आणि शेताशेतांत विरोधाच्या पाट्या लागल्यात. सभेला गेले होते. एक बाई उठून म्हणाल्या, दृश्य बिघडेल हे सगळे बोलतात, पण माझ्या कुरणात खांब उभा राहिला तर यंत्र कसं वळवू, हे कोणी विचारत नाही. वीज हवी आहे, मलाही हवी आहे. पण त्यांचं वाक्य मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलं.

कोणी इकडे येणार असाल तर जरूर कळवा, बरोबर येईन. उद्यानात आलात तर काचघर बघून परत फिरू नका. त्याच्यापलीकडे पॅक्स्टनची दुहेरी भिंतीची बाग आहे. बाहेरची भिंत दगडाची, आतली विटांची, कारण वीट ऊन धरून ठेवते आणि तिला टेकून वाढवलेली फळझाडं या थंड, ओल्या मुलखातही पिकतात. ऊन असलेल्या दिवशी दुपारी उशिरा जा. आधी बाहेरच्या दगडाला हात लावा, मग आत येऊन विटेला. विटेची ऊब तळव्याला लगेच लागते.